शेवटची घडी मुलाची

गृहभेटीच्या प्रसंगी एका मातेने मला विचारले, "साहेब, हा अक्षरे गिरवील न गिरवील, पण आमच्या पश्चात याचे कसे व्हायचे?" बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाच्या शिक्षणातील खरा प्रश्न हाच होय. त्याच्या उत्तराचा आरंभ घरकामापासून करता येतो.

पंचाची घडी घालणे हे आपणांस एकच काम वाटते. परंतु पंचा पसरणे, कोपऱ्यास कोपरा जुळविणे, दुमडणे, पुन्हा दुमडणे व फळीवर ठेवणे अशा त्याच्या पाच पायऱ्या आहेत. प्रथम चार पायऱ्या आईने मुलासमोर कराव्यात व पाचवी त्याच्याकडून करवून घ्यावी. त्यायोगे काम पुरे केल्याचा आनंद त्यास पहिल्याच दिवशी लाभतो. ती साधली की शेवटच्या दोन, मग तीन, असे मागे मागे यावे. आरंभी हात धरावा, पुढे केवळ खूण करावी, अखेर खूणही सोडावी. शब्द, वेळ व जागा रोज तीच असावी.

चुकले म्हणून काम हातातून काढून घेऊ नये. आपली घाई व आपली दया या दोहोंनी त्याचे हात बांधले जातात. शिक्षकबंधुभगिनींनी पालकसभेत हे प्रत्यक्ष करून दाखवावे.

काही महिन्यांनी त्या घरी पुन्हा गेलो. मी हात पुसून दिलेल्या पंचाची मुलाने घडी घातली. कोपरे जुळले नव्हते. पण आई ती नीट करावयास उठली नाही.