छताचे पोपडे

प्रश्न : रत्नागिरीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दर पावसाळ्यात बेडरूमच्या छताचे पोपडे निघतात. कोणता रंग टिकेल?

उत्तर : ओल थांबेपर्यंत कोणताच नाही, मग दुकानदार काहीही सांगो. आधी ओल कुठली ते पाहा. छताचा फुटभर भाग पुसून कोरडा करा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आत, छताकडे थेंब दिसले तर पाणी स्लॅबमधून येतंय. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर दोष कोंडलेल्या हवेचा. खोलीत कपडे वाळत घालणं बंद करा, खिडकी उघडा.

स्लॅब झिरपत असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. आतला रंग जानेवारी-फेब्रुवारीत, स्लॅब पूर्ण सुकल्यावर. सुटलेला थर पत्र्याने खरवडा, पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने तो पुन्हा आत मुरतो. मग क्षार सोसणारा प्रायमर, सिमेंटवाली पुट्टी, पुन्हा प्रायमर आणि रंग. पीओपी नको, ते ओल धरतं.

ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग दिसले, तर सळई गंजत असण्याची शक्यता आहे. तिथे रंगारी नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.