शेतकऱ्यांची टाचदुखी व तिचे निवारण

पहाटे गुरांना वैरण टाकण्यासाठी शेतकरी अंथरुणावरून उठतो, पहिले पाऊल जमिनीवर टेकतो आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ येऊन भिंतीचा आधार घेतो. वीस-पंचवीस पावले चालल्यावर कळ ओसरते, गोठ्यातील काम उरकते व दुखण्याचा विसर पडतो. दुपारी बांधावर भाकरी खाऊन पुन्हा उठताना तीच कळ परत येते, आणि दिवस मावळताना घराकडे पाय ओढत यावे लागते. हे वर्णन ज्यास आपलेसे वाटेल, त्याचे दुखणे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचे असते. डॉक्टर यास प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. आयुर्वेदात वातकंटक या नावाने असेच दुखणे वर्णिलेले असून, पाऊल वेडेवाकडे पडल्याने ते होते असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. नांगरटीच्या ढेकळांतून चालणाऱ्यास हे कारण पटण्यास अडचण पडू नये.

बैल लंगडू लागला तर शेतकरी त्यास त्या दिवशी औताला जुंपीत नाही. खूर उचलून पाहतो, नाल ढिली आहे काय, खडा रुतला आहे काय याची तपासणी करतो. स्वतःच्या पायाच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी महिनोन्‌महिने काणाडोळा करतो, आणि घरातील स्त्री तर त्याहूनही अधिक. दुखणे जितके जुने होते तितके ते बरे होण्यास अधिक काळ लागतो, यास्तव त्याची माहिती वेळीच करून घेणे इष्ट होय.

दुखण्याचे स्वरूप

टाचेच्या हाडाच्या तळाकडील आतल्या बाजूस एक जाड, चिवट पट्टा चिकटलेला असतो. तो तळव्यातून पुढे पसरत जाऊन पाचही बोटांच्या मुळाशी पोचतो. पायाची कमान हा पट्टा तोलून धरतो. घराच्या छपराची कैची खालच्या आडव्या तुळईमुळे फाकत नाही, तद्वत या पट्ट्यामुळे उभ्या माणसाच्या वजनाखाली पायाची कमान सपाट होत नाही. चालताना टाच उचलली जाऊन बोटे मागे वाकली की, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांवरून ताणला जातो व कमान वर उचलतो. हिक्स या शरीरशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये या क्रियेचे वर्णन करताना रहाटाचीच उपमा योजली होती.

जुन्या काळी मोटेचा नाडा नेहमी घासला जाई त्या जागीच झिजे. तळव्याचा पट्टाही टाचेस जेथे चिकटतो तेथे त्यावर सर्वाधिक ताण येतो व तेथेच त्याचे तंतू विसकटू लागतात. रात्री पाय सैल पडलेला असतो आणि पट्टा आखडून राहतो. सकाळचे पहिले पाऊल त्यास एकाएकी ताणते, म्हणून पहिलीच पावले सर्वांत जास्त दुखतात. या दुखण्यास सूज समजण्याची पूर्वापार रीत असली, तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या पट्ट्यांच्या २००३ मधील सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत दाहाची चिन्हे नव्हे, तर तंतूंच्या ऱ्हासाची चिन्हे आढळली. हा भेद केवळ शब्दांचा नाही. दाह असता तर गोळीने तो शमला असता. झिजलेला दोर गोळीने सांधला जात नाही, त्यास हळूहळू ताण सोसावयास लावून पुन्हा बळकट करावा लागतो.

क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड पुढे वाढलेले दिसले की पुष्कळांची गाळण उडते. परंतु असे वाढलेले हाड ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांमध्येही असते, आणि ते तसेच राहूनही दुखणे जाते. सबब केवळ हाड वाढले म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करू नये.

शेतीकामात पायावर पडणारा भार

हे दुखणे चाळीस ते साठ या वयात अधिक दिसते. घोट्याचा सांधा व पोटरी आखडलेली असणे, वजन फार असणे आणि दिवसाचा बहुतेक वेळ पायांवर उभे राहून काम करणे, ही त्याची ठळक कारणे समजली जातात. शेतकऱ्याच्या बाबतीत तिसरे कारण किती मोठे आहे, हे साध्या हिशेबाने कळून येईल. वीस सेंटिमीटर रुंदीचे तास काढीत एक एकर नांगरावयाचे झाल्यास औतामागे सुमारे २० किलोमीटर चालावे लागते, आणि तेही एक पाय तासात व दुसरा ढेकळांवर ठेवून. वखराची पास रुंद असल्याने ही चाल बरीच कमी होते. फवारणीचा हिशेब निराळा आहे. १६ लिटरचा पाठीवरील पंप भरला की पंपासह वजन २० किलोच्या घरात जाते, आणि एकरी २०० लिटर पाणी वापरावयाचे तर तो बारा-तेरा वेळा भरून पाठीवर घ्यावा लागतो.

भातलावणीत पाय चिखलात रुतलेले असतात आणि प्रत्येक पाऊल उपसून काढताना टाच व तळवा ताणला जातो. खुरपणीत चवड्यांवर उकिडवे बसल्याने बोटे तासन्‌तास मागे वाकलेली राहतात. ऊसतोड मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढतो, तेव्हा त्याचा व मोळीचा सर्व भार चवड्यावर येतो. पट्ट्यास याहून कठीण कसोटी सहसा नसते. उन्हाळ्यात हात-पाय आखडलेले असताना रोहिणीच्या पावसाबरोबर एकदम दिवसभराचे काम अंगावर पडणे, हेही दुखणे सुरू होण्याचे मोठे निमित्त होय.

प्रत्येक टाचदुखी याच जातीची नसते. टाचेच्या भेगा व कुरूप डोळ्यांनी दिसतात. बाभळीच्या काट्याचे टोक आत मोडून राहिले असल्यास एकाच टोचऱ्या जागी ठणका लागतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यास असह्य दुखत असेल व चालताना दुखणे वाढतच जात असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याचा संशय घ्यावा. तळव्यास मुंग्या, आग किंवा बधिरता असल्यास मधुमेह, नस दबणे अथवा कुष्ठरोग यांची तपासणी आवश्यक ठरते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही धरते, त्यास सांध्यांचा वेगळा विकार असू शकतो. ताप, लाली, किंवा काम करताना तळव्यात काही तुटल्यासारखा आवाज होऊन पाय टेकता न येणे, अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ताण देण्याची व बळ आणण्याची रीत

या दुखण्यावरील सर्वांत उपयुक्त इलाजास एक पैही पडत नाही. सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. त्याची बोटे मुळाशी धरून नडगीकडे खेचावी व दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपावा. पट्टा तारेसारखा ताठ लागला म्हणजे ताण योग्य बसला. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे. हीच क्रिया दिवसातून तीनदा करावयाची असून, सकाळची पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच झाली पाहिजे. चहा झाल्यावर केलेल्या क्रियेचा पहिल्या पावलास काय उपयोग! दुपारच्या भाकरीनंतर उठण्याआधीही ती करावी. याच्या जोडीस भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरीस अर्धा मिनिट ताण द्यावा. प्रथम गुडघा सरळ ठेवून व मग किंचित वाकवून.

ताणाने आराम पडतो, परंतु बळ येण्यास भार लागतो. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना पुढील व्यायाम दिला होता. ओट्याच्या किंवा पायरीच्या कडेवर चवडा ठेवावा व बोटांखाली पंचाची गुंडाळी घालावी, म्हणजे बोटे मागे वाकून पट्टा ताणलेला राहतो. मग एका पायावर तीन अंक मोजत टाच उचलावी, दोन अंक वर थांबावे, तीन अंक मोजत खाली यावे. एका पायावर न जमल्यास आरंभी दोन्ही पायांवर करावे. प्रथम बारा-बारांच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पुढे पाठीवरील पिशवीत वजन घालून दहाच्या चार व नंतर आठच्या पाच फेऱ्या असा क्रम होता. त्या रुग्णांनी पिशवीत पुस्तके घातली, शेतकऱ्यास ज्वारीचे दोन-चार शेर पुरतील. तीन महिन्यांनी या रुग्णांचे दुखणे केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी झाले होते. वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे ज्यास हंगाम गाठावयाचा आहे, त्याने हा कष्टाचा मार्ग धरणे फायद्याचे आहे.

काम किती करावे

पूर्ण विश्रांती घ्या, हा सल्ला शेतकऱ्यास देणे सोपे व पाळणे अशक्य आहे. ज्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याचा कोयता एक दिवस थांबला तरी उचल फिटण्यास एक दिवस जास्त लागतो. सुदैवाने संपूर्ण विश्रांतीची जरूरही नाही. गावात पिकाची पैसेवारी लावतात तशी दुखण्याची पैसेवारी लावावी. असह्य कळ म्हणजे शंभर पैसे धरल्यास, काम करताना दुखणे पन्नास पैशांच्या आत राहिले व दुसऱ्या सकाळी पहिल्या पावलास ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसले, तर तेवढे काम चालू ठेवण्यास हरकत नाही. वाढले असल्यास आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून काम घटवावे.

घटवावयाचे ते भाराचे व चढणीचे काम. पंप अर्धाच भरावा. फेऱ्या दुप्पट होतात हे खरे, परंतु पाठीवरचे ओझे आठ किलोंनी हलके होते. मोळी वाहण्याचे काम काही दिवस जोडीदाराने घेऊन दुखऱ्याने तोडणी करावी. खुरपताना उकिडवे न बसता लाकडी पाट किंवा पोत्याची गुंडाळी घेऊन बसावे. नांगरटीत तासाला बाजू बदलावी, म्हणजे एकच पाय सतत तासात पडत नाही.

पायताणाविषयी थोडक्यात सांगता येईल. पातळ, झिजलेली रबरी सपाता टाकून द्यावी. टाचेखाली सेंटिमीटरभर मऊ उंची असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट वापरावा. चिखलणीत पायताण चालत नाही, पण बांधापर्यंत ते घालता येते. घरात शहाबादी फरशीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने दुखणे असेतो घरातही चप्पल घालावी. देवघरापुरती ती काढली म्हणजे झाले. बाजारात मिळणारी तयार गादी व पायाच्या मापाने बनवलेली महाग गादी यांच्या गुणात म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही.

घरगुती व दवाखान्यातील उपचार

तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची चाल गावोगाव आहे. शेकाने तात्पुरते बरे वाटते. मात्र मधुमेह्याच्या तळव्यास चटका कळत नाही आणि भाजलेली जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. त्याने शेक घेऊ नये. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. बिब्बा लावणे किंवा डाग देणे मात्र सर्वांनीच वर्ज्य करावे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी फोडांनी भरते, डागाने जखम होते, आणि पट्टा जसाच्या तसा राहतो. बाटलीत पाणी गोठवून तिच्यावर दहा मिनिटे तळवा फिरवणे हा त्याहून निर्धोक उपाय आहे.

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या चार दिवस घेण्यास हरकत नसली, तरी त्या उपाशीपोटी घेऊ नयेत. भर उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याने तर त्या रोज घेऊ नयेत, कारण त्यांतील पुष्कळशा मूत्रपिंडास अपाय करतात. टाचेतील स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो. परंतु तिच्यामुळे क्वचित पट्टा तुटतो व टाचेखालील नैसर्गिक गादी विरते. सुई घेतलीच, तर दुखत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पोती उचलावयास जाऊ नये.

वरील उपायांनी दहांपैकी आठ-नऊ जणांचे दुखणे वर्षभरात जाते. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. महिनाभर बरे वाटून एका फवारणीनंतर पुन्हा कळ येते, त्यामुळे केलेले सर्व वाया गेले असे मानून व्यायाम सोडू नये. सहा महिने नेटाने करूनही उतार न पडल्यास उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. पेरणी आटोपून आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या घरात चालू इच्छिणाऱ्या ज्या वारकऱ्याची टाच मागील साली दुखली असेल, त्याने पाडव्यापासूनच ओट्यावरील व्यायाम धरावा, रोजची चाल आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी आणि नवी चप्पल प्रस्थानाच्या दिवशी प्रथमच न घालता महिनाभर आधी शिवारात वापरून घ्यावी.