जलवाहिनीवरील व्हॉल्व्ह : बसवणी आणि देखभाल

नळपाणी योजनेचे उद्‌घाटन झाले की वृत्तपत्रांसाठी नळाच्या पहिल्या धारेचे छायाचित्र काढले जाते. प्रसिद्धीच्या कामात प्रस्तुत लेखकाने अशी कितीतरी छायाचित्रे पाहिली आहेत आणि पाठविलीही आहेत. रस्त्याकडेच्या चौकोनी खड्ड्यात, झाकणाखाली बसविलेला व्हॉल्व्ह त्यांपैकी एकातही नव्हता. वास्तविक शेवटच्या घरापर्यंत पाणी पोहोचणार की नाही आणि पोहोचले तर ते शुद्ध असणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या खड्ड्यातच ठरते.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या यादीत आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन अभियानाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. योजना उभारणारे ठेकेदार काम संपल्यावर निघून जातात. व्हॉल्व्ह मागे राहतो आणि तो ग्रामपंचायतीच्या पदरी येतो. म्हणून यंत्रविद्येशी संबंध नसलेल्या सदस्यांनी व शिक्षकांनीही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

डोंगराळ भागातील एका गावाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. गावठाणास पाणी भरपूर होते. परंतु टेकडीपलीकडच्या वाडीस आठवडेच्या आठवडे थेंब मिळत नव्हता. निवडणुकीत मते दिली नाहीत म्हणून आपले पाणी तोडले, अशी वाडीची समजूत झाली होती आणि ग्रामसभेत प्रकरण हातघाईवर आले होते. अखेर शाखा अभियंत्याने संपूर्ण वाहिनी पायी फिरून पाहिली; लेखक त्या वेळी बरोबर होता. चढाच्या माथ्यावर हवा व्हॉल्व्हखालची चावी बंद आढळली. व्हॉल्व्हमधून पाणी उडून शेताचा बांध भिजतो, म्हणून कोणीतरी ती फिरवून ठेवली होती. माथ्यावर साचलेली हवा बाहेर पडू न शकल्याने पाण्याची वाट अडवून बसली होती. आतील चेंडूची झिजलेली रबरी बैठक बदलली, चावी उघडली आणि दुसऱ्या सकाळी वाडीत पाणी आले. मतांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

ग्रामीण योजनेत प्रामुख्याने चार प्रकारचे व्हॉल्व्ह आढळतात. स्लूस व्हॉल्व्ह पाणी सोडतो व बंद करतो. हवा व्हॉल्व्ह वाहिनीच्या उंच जागी असतो. वाहिनी भरताना तो हवा बाहेर सोडतो आणि रिकामी होताना आत घेतो. सखल जागी गाळ काढण्याचा, म्हणजे स्कोअर व्हॉल्व्ह असतो. पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वीज गेल्यावर पाणी उलटे येऊ देत नाही. याच्या अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेला आहे की नाही, एवढे तरी बसविताना कोणीही पाहू शकतो.

बसवणीतील चुका पुढे वर्षानुवर्षे छळतात. व्हॉल्व्ह जोडण्यापूर्वी वाहिनी पाण्याने धुऊन घ्यावी. आत राहिलेला एखादा खडा बैठकीवर अडकला तर नवा व्हॉल्व्हही पूर्ण बंद होत नाही. व्हॉल्व्हखाली काँक्रीटचा आधार हवा. त्याचे वजन वाहिनीच्या जोडावर लोंबकळत राहिल्यास जोड गळू लागतो. फ्लँजचे बोल्ट एका कडेने क्रमाने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, म्हणजे रबरी चकती सर्व बाजूंनी सारखी दाबली जाते. खरेदी करताना भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. स्लूस व्हॉल्व्हसाठी तो १४८४६ असा आहे. खड्डा इतका प्रशस्त असावा की, माणसाला उतरून पाना फिरविता येईल. ही गोष्ट किरकोळ वाटते. पण अरुंद खड्ड्यातील व्हॉल्व्हची दुरुस्ती कोणी करीत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

चालविण्याच्या पद्धतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सावकाशपणा. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्को येथे जलवाहिन्यांवर प्रयोग करून दाखविले की, धावते पाणी एकाएकी अडविल्यास दाबाची लाट उसळते. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी लोखंडी वाहिनीत असे अडविले, तर मूळ दाबात सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतक्या दाबाची भर पडते. २ किलोमीटर लांबीच्या वाहिनीत ही लाट परत येण्यास ४ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. त्याच्या आत प्रवाह थांबला तर संपूर्ण आघात वाहिनीवर बसतो. स्लूस व्हॉल्व्हच्या शेवटच्या काही फेऱ्यांतच प्रवाह खऱ्या अर्थाने तुटतो, म्हणून त्या फेऱ्या विशेष सावकाश द्याव्यात. पाव फेरीत बंद होणाऱ्या बॉल व्हॉल्व्हच्या बाबतीत हे पथ्य अधिकच पाळावयास हवे. स्लूस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करण्याची सवयही बरी नव्हे. त्याची पाती थरथरते, बैठक झिजते आणि पुढे तो कधीच घट्ट बसत नाही.

गळतीचा हिशेब पंचायतीने अवश्य मांडून पाहावा. २० मीटर दाबाखाली असलेल्या वाहिनीस ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर आठ तासांत सुमारे २,४०० लिटर पाणी जाते. दरडोई ५५ लिटर धरल्यास चाळीसहून अधिक माणसांचे हे दिवसाचे पाणी होय. दांड्याभोवती पाणी झिरपत असेल तर ग्लँडचे नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळावेत. तरीही न थांबल्यास आतील दोरी बदलावी. नट बेताबाहेर आवळले तर दांडाच फिरेनासा होतो.

परंतु गेलेल्या पाण्यापेक्षा आत शिरलेले पाणी अधिक घातक असते. आपल्याकडे पुरवठा बहुधा ठराविक वेळीच होतो. पाणी बंद केल्यावर खालच्या घरांचे नळ वाहिनी रिकामी करतात, माथ्यावर पोकळी निर्माण होते आणि हवा व्हॉल्व्ह बाहेरची हवा ओढू लागतो. खड्डा पावसाच्या किंवा गटाराच्या पाण्याने भरलेला असेल, तर हवेऐवजी ते पाणी ओढले जाते. उद्‌भवाजवळ कितीही क्लोरीन टाकले तरी अशा वेळी भरवसा राहत नाही. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. शाळेच्या नळावर शिक्षकांनी ही तपासणी करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. हवा व्हॉल्व्ह बंद करणे हा यावरील उपाय नव्हे, हे वाडीच्या उदाहरणावरून दिसतेच. खड्ड्याच्या भिंती जमिनीच्या वर उचलून घेणे, तळातून पाण्याला वाट काढून देणे आणि झाकण बसविणे हाच मार्ग आहे.

पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यास कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, हे तोंडपाठ असते. तो आजारी पडला किंवा निवृत्त झाला की ही माहिती त्याच्याबरोबर जाते. तेव्हा त्याला सोबत घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, व्यास, फेऱ्यांची संख्या आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख एका नोंदवहीत उतरवून घ्यावी. नेहमी उघडेच राहणारे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत. अन्यथा वाहिनी फुटते त्या दिवशीच ते गंजून बसल्याचे कळते. यांपैकी एक फेरी मृग नक्षत्रापूर्वी उरकावी, म्हणजे खड्डे कोरडे असतानाच आतील दोष दिसतील.