मुक्ती नाका, पावती दियात : दहीकाल्यातल्या थट्टेबद्दल थोडंसं

लोकनाट्यावर काहीतरी लिहून दे, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी पेडण्याची. दशावतार, म्हणजे आमच्याकडचा दहीकालो, लहानपणापासून पाहत आलेय. पूर्वरंग, आख्यान, वेशभूषा, वाद्यं अशी चार उपशीर्षकं टाकली की लेख तयार, असं वाटलं होतं. लिहायला बसले आणि एका लाकडी बाकड्यावर अडकले. त्यामुळे हा लेख बराचसा त्या बाकड्याबद्दल आहे. बाकीचं परीक्षेच्या नोट्समध्ये मिळेल.

ज्यांनी दहीकाला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्ग आणि पेडणे या भागात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी झाली की देवळासमोर रात्रभर दशावतारी खेळ होतो आणि पहाटे दह्याची हंडी फोडून संपतो. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं, त्याआधी ते सावंतवाडीकरांचं होतं. राज्य बदललं तरी जत्रांनी आणि बोलीने तेरेखोल नदीपलीकडे बघणं सोडलं नाही. खेळाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, ज्याला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. वेद चोरणारा संकासुर येतो आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. मग उत्तररंगात पुराणातलं एखादं आख्यान. सगळी पात्रं पुरुषच करतात. रामदासांनीही दासबोधात यावर एक चिमटा काढून ठेवलाय, की दशावतारी खेळातल्या त्या सुंदर नारी खऱ्या कोण असतात ते जवळून बघा म्हणून. म्हणजे ही थट्टा निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे आणि अजून चालते.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान, कोण कुठला राजा, कुणी कुणाला कधी मारायचं, एवढं रंग चढवताना ठरतं. संवाद उभ्या उभ्या सुचतील ते. देव आणि राजे भरजरी मराठीत बोलतात, ‘हे प्रिये’, ‘रे अधमा’ वगैरे. संकासुर, चाकर, द्वारपाल हे मात्र गावच्या बोलीत. संकासुर तर काळ्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि पोरांचा सगळ्यात लाडका तोच. तो असुर आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. मागे एकदा ब्रह्मदेवाने वेद कुठे आहेत म्हणून दरडावलं, तर आमचा संकासुर म्हणाला, “मोपा विमानतळार गेल्यात, स्कॅनिंगाक.” विमानतळ नुकताच सुरू झाला होता, आणि ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या होत्या तेही समोरच बसले असणार. हसणं ऐकू आलं, पण ते एकाच प्रकारचं नव्हतं.

आता बाकडं. दशावताराला नेपथ्य असं नसतं. मागे पडदा, पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास, तेच रथ. मी सांगते ती जत्रा जानेवारीच्या सुरुवातीची, आमच्या घरचा नाताळचा गोठा अजून काढायचा होता. खेळ करणारी मंडळी तालुक्यातलीच. आख्यानातला राजा असा, की ज्याने स्वतःलाच देव म्हणून जाहीर केलंय. नाव मी विसरले. तो आला, गरजला, त्रैलोक्याचा स्वामी असल्याचं सांगितलं आणि बाकड्यावर पाय ठेवून उभा राहिला. चाकर शांतपणे म्हणाला, “म्हाराज, पांय सकयल. हो बाकडो देवळाचो. फाल्यां परत दिवचो आसा.”

लोक हसले. इथपर्यंत तो एक साधा विनोद होता. बहुतेक ठरलेलाही नसावा. राजाने पाय खरंच खाली घेतला, चाकराकडे रोखून बघितलं आणि मराठी जराही ढळू न देता म्हणाला, “सेवका, त्रैलोक्याचे स्वामी कुणाचे देणे ठेवत नसतात. या बाकड्याबद्दल आम्ही देवळाला मुक्ती देऊ.” चाकर हात जोडून: “मुक्ती नाका, पावती दियात.”

देवळाचे महाजन पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते. सगळ्यात जास्त तेच हसत होते.

यानंतर तासभर बाकड्याचं नाव नाही. युद्ध झालं, राणीचा विलाप झाला, पायपेटीवाल्याने दोन पदं रंगवली. मग नारद आला. चाकराने त्याला बसायला सांगितलं. नारद बसला नाही. बाकड्याकडे बघत म्हणाला, “नको, आम्ही उभेच बरे. आमच्याजवळ सुटे पैसे नाहीत.” नारद काय करणार हे चाकराला माहीत नव्हतं, एवढं नक्की, कारण त्याला स्वतःलाच हसू आवरेना आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. आणि पहाटे चारच्या सुमारास राजा मारला जातो, डगमगत डगमगत बाकड्याच्या दिशेने जातो, तेव्हा मागून, अगदी नारळाच्या झाडाकडून, कुणीतरी ओरडलं, “म्हाराज, बाकड्यार पडूं नाकात!” राजा जमिनीवर कोसळला. डोळे मिटलेले. आणि त्या मेलेल्या राजाने स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, “आम्ही जमिनीवरच आहोत.”

मी मधे डुलकी काढली होती, नारदाचा भाग माझा चुकला. लोक एवढे का हसतायत ते कळेना. शेजारच्या काकीने कानाशी येऊन सांगितलं, “अगो, नारद बसूंकच ना न्हय! भाडें पडटलें म्हूण.” एवढंच. पण त्या एका वाक्याने मी परत त्या रात्रीत शिरले.

इंग्रजीत अशा विनोदाला ‘रनिंग जोक’ म्हणतात. मला त्यासाठी ‘पालुपद’ हा शब्द आवडतो, कारण पालुपद जसं प्रत्येक कडव्यानंतर नव्या अर्थाने येतं तसंच इथे होतं. पहिल्यांदा बाकडं म्हणजे नुसतं बाकडं. दुसऱ्यांदा ते भाड्याचं सिंहासन झालं. स्वतःला देव म्हणवणारा राजा मरताना त्याच बाकड्याकडे जातो, तेव्हा ज्याने आयुष्यभर मालकी मिरवली त्याच्याजवळ बसायलाही स्वतःचं काही नाही, हे कुणी न सांगता सगळ्यांना दिसतं. पुराणिक हेच अर्धा तास समजावत बसले असते.

आणखी एक गोष्ट मला नंतर वहीत लिहिताना लक्षात आली. हे पालुपद एकाच माणसाने चालवलेलं नाही. चाकराने सुरू केलं, राजाने धरलं, नारदाने उचललं, शेवटी प्रेक्षकाने. एकाच नटाने चार वेळा बाकडं-बाकडं केलं असतं तर लोक कंटाळले असते. आणि ज्याची थट्टा झाली, त्या राजाला प्रत्येक वेळी उत्तर द्यायला जागा होती. मेल्यावरसुद्धा. त्याने आपली मराठी सोडली नाही, चाकराने आपली कोकणी सोडली नाही. एकाने जरी दुसऱ्याची भाषा धरली असती तरी गंमत तिथेच संपली असती. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपल्याकडे दोन भाषांची भांडणं अजून होतात. दहीकाल्यात त्या एकाच बाकड्यावरून भांडतात आणि दोघींनाही टाळ्या मिळतात. पण नीट बघा, शेवटचा शब्द बहुतेक वेळा बोलीचा असतो. राजाच्या डोक्यावर मुकुट आहे, तलवार आहे, संस्कृत शब्द आहेत, म्हणून चाकराला थोडी सूट. तो तोल सगळ्यांना मान्य असतो.

आमच्या घरची दुसरी परंपरा तियात्राची. १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत ‘इटालियन भुरगो’ झाला, तिथून तियात्राची सुरुवात धरतात. त्यातल्या विनोदी जोड्याही एकमेकांना सोडत नाहीत, पण तिथे संवाद आधी लिहिलेला असतो. नट मधेमधे पदरचं घालतात तेवढंच. त्यामुळे तुलना मी इथेच थांबवते.

लिखित साहित्यात पालुपद कसं चालतं, हे आपल्या अभ्यासक्रमातच आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या लेखामागून लेखात येतात. एकदा त्यांचे स्वभाव कळले की नुसतं नाव वाचून ओठ हलतात. पुढे गडकऱ्यांनी, म्हणजे कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या माणसाने, तीच माणसं उचलून त्यात आपला बाळकराम घातला. गुरूचं पालुपद शिष्याने उचललं, नारदाने बाकडं उचललं तसं. ‘झेंडूची फुले’चं मात्र वेगळं आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं आणि १९२५ मध्ये केशवकुमार या नावाने अत्र्यांचा हा विडंबनसंग्रह आला. त्या वेळच्या वाचकाला मूळ कविता तोंडपाठ असायच्या, म्हणून तो हसायचा. आम्ही वर्गात तळटीपा वाचून, अर्धा मिनिट उशिरा हसलो. माझ्या बाजूला जत्रेत काकी होती, वर्गात तळटीप होती. काकी बरी.

‘बरी’ हा शब्द आता आलाच आहे, तर ज्यामुळे हा लेख लिहायला मला तीन आठवडे लागले ते सांगून टाकते.

गेल्या वर्षी आपल्या मंडळात डिचोलीहून आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. पहिल्याच बैठकीत एका सिनिअरने कविता वाचली, आणि अभिप्राय विचारल्यावर ती म्हणाली, “कविता बरी आहे.” कोकणीत ‘बरी’ म्हणजे चांगली, छान. मराठीत ‘बरी’ म्हणजे चालेल, ठीक आहे, फार काही नाही. सिनिअरचा चेहरा पडला. तेवढ्यात मी म्हटलं, “चला, निदान वाईट नाही!” सगळे हसले, तीही हसली.

तिथेच संपायला हवं होतं. पण पुढच्या बैठकीत चहा आला तर कुणीतरी म्हणालं, चहा बरी आहे. परीक्षेचा निकाल बरी आहे. पाहुण्यांचं भाषण बरी आहे. चुकीचं लिंग मुद्दाम, म्हणजे जास्त हसू. तिने ते लिंग कधीच चुकवलं नव्हतं, ते आम्ही घातलं. दोन महिन्यांनी ती बैठकीत बोलेनाशी झाली, मग यायचीच थांबली. अभ्यास जास्त असेल, असं आम्ही म्हटलं.

जत्रेच्या त्या रात्रीची वही या लेखासाठी उघडली तेव्हा मला आमचं पालुपद त्याच्या शेजारी ठेवून बघावं लागलं. सगळं उलटं होतं. जत्रेत बोलीवाला राजाला चिमटा काढतो. आमच्याकडे प्रमाण मराठीवाल्या पंधरा जणांनी बोलीतल्या एकीला काढला. राजाला प्रत्येक वेळी उत्तराची जागा होती. तिच्याजवळ दुसरी ओळ नव्हती, कारण आम्ही तिचीच ओळ तिला परत परत ऐकवत होतो. आणि मुख्य म्हणजे, ती काय म्हणाली ते मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. आमच्या घरी माय कुणाच्याही स्वयंपाकाला ‘बरें जालां’ म्हणते तेव्हा ती खूश असते. त्या खोलीत काकीचं काम करू शकेल अशी मी एकटी होते. “अगो, तिच्याकडे बरी म्हणजे छान,” एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. मलाही तेव्हा मराठीच्या बाजूला बसायचं होतं. कॅथलिक मुलगी एवढं शुद्ध मराठी कसं बोलते, असं लोक कौतुकाने विचारतात ना, ते मला आवडायचं.

काही जण म्हणतील, एवढं काय, थट्टाच ती. मंडळात थट्टा नको असं मला म्हणायचंच नाहीय. थट्टेशिवाय आपल्या बैठका म्हणजे हजेरीपट. पण बाकड्याच्या गमतीत समोरच्या प्रत्येकाला काहीतरी उचलायला मिळत होतं. ‘बरी आहे’मध्ये ती सोडून सगळ्यांना मिळत होतं.

मागच्या महिन्यात मी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि कोकणीत माफी मागितली. आमची कोकणीही सारखी नाही, तिची डिचोलीची, माझी पेडण्याची. थोडी गडबडच झाली. मग हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला, तुझ्याबद्दलचं काढायचं असेल तर काढते म्हटलं. दोन दिवसांनी कागद परत आले. काही काढलेलं नव्हतं. ‘बाकडो’ या शब्दावर गोल करून बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं, ‘आमच्याकडे बांक म्हणतात’. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मराठीत, ‘लेख बरा आहे.’

कुठला बरा, ते मी विचारलेलं नाही. मंगळवारच्या बैठकीला येतेय म्हणाली.