आजचं चिंतन : सोडणं आणि टाकून पळणं (गीता १८.७ ते ९)



अठराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाने विचारलं होतं की संन्यास आणि त्याग यांत फरक काय. त्याच्या उत्तरातला आपल्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त भिडणारा भाग आज आलाय. अर्थ साधारण असा: वाट्याला आलेलं कर्तव्यकर्म मोहाने टाकलं तर तो तामस त्याग. कष्ट होतात, शरीराला त्रास पडतो या भीतीने टाकलं तर राजस, आणि त्या माणसाला त्यागाचं फळ मिळत नाही. करायला हवं म्हणून केलं आणि त्यातली आसक्ती व फळ सोडलं, तर सात्त्विक.

वाचायला सोपं आहे. माझ्या मावशीला हे श्लोक पाठ आहेत, आणि गेल्या शिमग्यानंतर याच श्लोकांनी तिची झोप उडवली.

मावशी आणि काका श्रीवर्धन तालुक्यात समुद्राजवळ होमस्टे चालवतात. वाडीत घर, मागे चार खोल्या, जेवण घरचं. आधी सुपारी हे मुख्य उत्पन्न होतं आणि खोल्या म्हणजे वरखर्चाचे पैसे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि वाडीतल्या बहुतेक पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हापासून घर खोल्यांवर चाललंय. म्हणजे जे हौसेने, जमेल तेवढं करायचं होतं, ते न करून भागेनासं झालं. माझ्या मते दमणूक तिथून सुरू झाली, कामाच्या तासांपासून नाही.

अर्थात तासही कमी नाहीत. पहाटे साडेपाचला पहिला चहा, मग घावन, दुपारी मोदकाचं ताट, संध्याकाळी चादरी. रात्री साडेअकराला गाडी येते आणि विचारतात, "काकू, गरम काही मिळेल ना?" एक वाजता एसीसाठी फोन. आणि सगळं नीट झालं तरी कोणीतरी तीन स्टार देऊन जातं, कारण बीचवर गर्दी होती. (बीच मावशीचा नाही.)

ती मला म्हणाली, "गेटाशी हॉर्न वाजला की पोटात गोळा येतो रे. पाहुणा म्हणजे देव म्हणायचं आणि मला तो आलेलाच नको वाटतो. आता दुखतंय म्हणून बंद केलं तर तो राजस त्यागच ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. एक तर मला येत नव्हतं. दुसरं म्हणजे ऑफिसमधल्या मित्रांना "घरचेच आहेत" म्हणून कमी दरात तिच्याकडे पाठवणारा मीच. दोनदा तर ऐन ३१ डिसेंबरला.

डब्ल्यूएचओने बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. मावशीला तिन्ही होती. पण ती याला आळस म्हणत होती, आणि वर पाप.

मग आम्ही फोनवर श्लोक पुन्हा वाचला. सगळा भार एका शब्दावर आहे, 'नियत'. नियत काय आहे? अतिथिपूजन नक्कीच. ते पंचमहायज्ञांतला मनुष्ययज्ञ आहे, आणि यज्ञ, दान, तप सोडू नये असं पाचवा श्लोक स्पष्ट म्हणतो. पण जुन्या ग्रंथांत अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा, तिथी न ठरवता आलेला. मावशीचे पाहुणे तिथीच काय, चेक-इनची वेळ ठरवून येतात, आगाऊ पैसे भरून. त्यांना फसवायचं नाही, कबूल केलेलं द्यायचं, हा धर्म आहेच. तरी चार खोल्या जन्मभर चालवणं हे नियत कर्म नाही. तो चरितार्थाचा एक मार्ग आहे, आणि मार्ग बदलता येतो.

इथे स्वतःला सूट देणंही सोपं आहे, म्हणून सांगतो. नववा श्लोक 'काम सोडा' म्हणत नाहीच, करता करता आसक्ती सोडा म्हणतो. चिडून उद्या फोन बंद करणं, घेतलेली बुकिंग तोंडावर रद्द करणं, हाताखालच्या दोघींना ऐन हंगामात घरी बसवणं, हे आठव्या श्लोकातच बसतं, कारण दिलेला शब्द हे नियत कर्म आहे. म्हणून बंद करण्याची तयारी हीच आता मावशीची साधना, असं आम्ही ठरवलं.

मला सर्व्हर बंद करायची सवय आहे. वायर उपटत नाही आपण. नवीन ट्रॅफिक थांबवतो, चालू असलेलं संपू देतो, मग बंद. तसंच केलं. ३१ मेनंतरची तारीख कोणालाही द्यायची नाही. पुढच्या पावसाळ्याचा ॲडव्हान्स आला होता तो परत केला. सगळ्यात आधी, म्हणजे दिवाळीपूर्वीच, त्या दोघींना सांगितलं. त्यातली एक म्हणाली, ताटं मी करते, स्वयंपाकघर मला वापरू द्या. यातून काहीतरी निघेल असं वाटतंय.

काकांना सगळं विकून पुण्याला यायचं होतं. पण वाडी शेतजमीन आहे, आणि महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्याला सहज विकत घेता येत नाही, त्यामुळे मुंबईचे निम्मे उत्साही गिऱ्हाईक तिथेच गळाले. आता खोल्या चालवायला द्यायचा विचार आहे. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स, ११ महिने. फोन नंबर आणि ऑनलाइन लिस्टिंग मात्र मावशीच्या नावावर ठेवायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच्या पाहुण्याचा रात्री एकचा फोन हिलाच यायचा. तीन वर्षांचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये मी उतरवतोय. कर्जाचे हप्ते भाड्यातून फिटतात का ते त्यावरून कळेल. न फिटले तर आणखी एक हंगाम, पण दोनच खोल्या आणि रात्री नऊनंतर जेवण नाही. नवाचा नियम तर तिने आतापासूनच लावलाय. सहाव्या अध्यायात झोपेबद्दल सांगितलंय ते अतिथी सांभाळणाऱ्यांनाही लागू आहे, असं तिला दहा वेळा सांगावं लागलं.

मागच्या शनिवारी मावशीचा फोन आला. एक म्हातारं जोडपं गाडी बिघडली म्हणून दारात आलं होतं, बुकिंग वगैरे काही नाही. तिने पिठलं-भात केला, ओसरीवर अंथरूण घातलं, पैसे घेतले नाहीत. "आणि पोटात गोळा आला नाही हो," म्हणाली. काका म्हणतात, खोल्या दिल्या तरी गेटावरची पाटी राहू दे. त्यावर अजून वाद चालू आहे.

उद्या श्लोक १०, नावडत्या कामाचा द्वेष न करण्याबद्दल. त्याआधी आज एकदा १८.४८ वाचून ठेवा, अग्नी आणि धुराचा दृष्टांत आहे तो.

जय हरी!