दुखायचं थांबलं म्हणून गुडघा बरा झाला?

'हाड मोडलेलं नाही, एक्स-रे नॉर्मल आहे, मुका मार आहे.' आमच्या वसमत तालुक्यात गुडघा धरून बसलेल्या पोराला पहिल्यांदा हेच ऐकायला मिळतं. मलाही हेच सांगितलं गेलं. एक्स-रेत हाड दिसतं, पण हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे नॉर्मल एक्स-रेचा अर्थ हाड शाबूत आहे एवढाच घ्यायचा. भरतीची तयारी करणारी आणि जत्रेच्या मैदानात कबड्डी खेळणारी पोरं, त्यांचे आईबाप आणि त्यांना शिकवणारे मास्तर यांच्यासाठी हे लिहितो आहे.

चढाई करून परत वळताना माझा डावा पाय मातीत रोवलेला राहिला आणि अंग तेवढं फिरलं. कुणाचा हातही लागला नव्हता. आतून 'कट्' असा आवाज आला. मैदानावरच्या जाणत्यांचं मत पडलं, की धक्काच लागला नाही तर तुटेल कशाला! प्रत्यक्षात गुडघ्याच्या मधोमध असलेलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटण्याच्या दहा घटनांपैकी सुमारे सात घटना धक्क्याविनाच होतात. पळता पळता एकदम थांबणं, झटकन दिशा बदलणं, उडी मारून ताठ गुडघ्यावर उतरणं, एवढं त्याला पुरतं. हे लिगामेंट असतं जेमतेम तीनेक सेंटिमीटर लांब, पण नडगीचं हाड मांडीच्या हाडापुढे सरकू न देण्याचं आणि ते पिळवटू न देण्याचं काम त्याच्याकडे असतं.

घरी येईपर्यंत गुडघा फुगला होता. मग सुरू झाला घरगुती इलाज. हळदीचा लेप तर आलाच, वसमत म्हणजे हळदीचा बाजार. लेपाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गरम शेकाने आणि तेल लावून रगडण्याने, कारण पहिल्या दोन दिवसांत दोन्हींमुळे आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. सूज कधी आली हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा. दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला असेल तर आत बहुधा रक्त साचलेलं असतं आणि मोठी इजा झाल्याची शंका घ्यायची असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेल्या सुजेची गोष्ट वेगळी.

काही आठवड्यांनी दुखणं गेलं. अनेकांचं असंच होतं आणि खरा घात होतो तो इथेच. एसीएल तुटलेला माणूस सरळ रेषेत बऱ्यापैकी पळू शकतो. पोलीस भरतीची सोळाशे मीटर धाव असो की हिंगोलीच्या राज्य राखीव दलाच्या गटासाठीची पाच किलोमीटर, सराव नीट चालू राहतो आणि पोराला वाटतं, झालो बरा. वळायची वेळ आली की गुडघा निसटतो. माझा निसटला हळद काढणीच्या दिवसांत, डोक्यावर ओझं घेऊन वरंबा ओलांडताना. पुढे तो जिना उतरताना निसटू लागला. दर वेळी हाडं एकमेकांवर घसरतात आणि मधल्या चकतीसारख्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चिमटा बसतो. नांदेडला एमआरआय झाला तोवर एसीएलच्या जोडीला गादीही फाटलेली होती. एसीएल नसतानाही कित्येकांचं आयुष्य नीट चालतं. फाटक्या गादीचा गुडघा मात्र लवकर झिजतो.

एमआरआयच्या आधी डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली होती. गुडघा थोडासा वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली. ही लॅकमन चाचणी. अमेरिकेतल्या जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली ती आपले गुरू जॉन लॅकमन यांच्या नावाने मांडली. तिला यंत्र लागत नाही आणि सरावलेल्या हाताला त्यातून बहुतेक सगळं कळतं. म्हणून माझं सांगणं असं, की नुसती फिल्म बघून गोळ्या लिहून दिल्या आणि गुडघ्याला हातच लावला नाही, तर ती तपासणी झाली असं समजू नका. सूज आणि दुखणं जास्त असलं तर पहिल्या दिवशी हाताला नीट कळत नाही. मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न, ऑपरेशन करायचंच का? गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल हे लिगामेंट बहुधा पट्टा आणि व्यायामावर जुळून येतं. एसीएल सांध्याच्या पाण्यात असतं. तिथे रक्ताची गुठळी धरून राहत नाही, म्हणून ते सहसा जुळत नाही आणि ऑपरेशन करावंच लागतं, असंच डॉक्टर मानत आले. पण स्वीडनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि चित्र थोडं बदललं. एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांपैकी अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांना शिस्तीत व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असं ठरवलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले, पाच वर्षांनीही तेच. व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही. उलट २०२२ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, ज्यांचा गुडघा जुन्या दुखापतीने वारंवार निसटत होता त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा जास्त दिसला. मी दुसऱ्या प्रकारातला, म्हणून माझी शस्त्रक्रिया झाली. ताजी इजा आणि न निसटणारा गुडघा असेल, तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहायला हरकत नाही. हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. स्वीडनच्या पोरांना उकिडवं बसून खुरपायचं नसतं, हेही त्यांना सांगा. तुमचं रोजचं काम काय, यावर निर्णय फिरतो.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागची शीर काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. तिथून पुढचं काम घरात होतं आणि ते वाकवण्यापेक्षा सरळ करण्यात जास्त असतं. आई मायेने गुडघ्याखाली उशी देते. ती काढायची आणि टाचेखाली ठेवायची. गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर माणूस आयुष्यभर लंगडतो, आणि ही कसर नंतर भरून काढणं फार अवघड जातं. दुसरं, सुजलेल्या सांध्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, हे दिसायला किरकोळ व्यायाम त्याला जागे करतात. पंगतीत मांडी घालून बसण्याची घाई नको. त्याला गुडघा जवळजवळ पूर्ण वाकावा लागतो, ते फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हाच.

दुखण्यावर विसंबू नका, हे इथे परत सांगावं लागतं. तीन महिन्यांनी गुडघा छान वाटतो, पण आत बसवलेली शीर त्या काळात अजून कच्चीच असते. नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या १०६ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं तितकी पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटली. नऊ महिने भरले एवढंही पुरत नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी हवी, एका पायावर मारलेली उडीही तेवढी हवी. उडी मोजायला टेप पुरते, शाळेच्या मैदानावर मास्तर मोजू शकतात. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याला इजा झाली तो अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, मुंबईत शस्त्रक्रिया झाली जानेवारीत, आणि यष्टीमागे उकिडवं बसायला तो परतला मार्च २०२४ मध्ये. देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असताना त्याला इतका वेळ लागला, मग गावच्या पोराने चौथ्या महिन्यात चढाईला का जावं?

पैशांचंही बोलतो. खासगीत जाण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. खर्चाचा हिशेब मांडताना पुढच्या फिजिओथेरपीचे आणि नांदेडच्या येण्या-जाण्याचे पैसे आधी बाजूला काढा. बहुतेक घरांत सगळा पैसा ऑपरेशनलाच संपतो आणि व्यायाम अर्धवट सुटतो.

भरतीच्या मुलींनी जास्त जपावं. सारख्याच खेळात मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दोन ते तीनपट जास्त तुटतं. फुटबॉलसाठी तयार केलेला 'फिफा ११ प्लस' हा वीस मिनिटांचा व्यायाम नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर करून पाहिला, तेव्हा गंभीर इजा निम्म्याच्या आसपास घटल्या. त्याला साहित्य लागत नाही. उडीनंतर गुडघा वाकवून उतरणं आणि तो आत वळू न देणं, एवढं मुख्य.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. बक्षिसाच्या रकमेतून थोडे पैसे काढून मैदानाशेजारी बर्फाची पेटी ठेवा, आणि 'कट्' असा आवाज आला म्हणणाऱ्या खेळाडूला त्या दिवशी परत मैदानात उतरवू नका, सामना कितीही अटीतटीचा असो.