पेसमेकर, खांदा आणि लंबक

माझे वडील पोलादपूरला राहतात. त्यांच्या छातीत, डाव्या बाजूला, पेसमेकर बसवला आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी मुंबईला तपासणी झाली. 'आता हात वर करायला हरकत नाही,' असे डॉक्टर म्हणाले. परतताना महाडला आम्ही एस.टी. बदलली. गाडीला गर्दी होती. वरचा दांडा धरण्यासाठी वडिलांनी डावा हात उचलला, तो खांद्याच्या रेषेतच अडला! पेसमेकर उत्तम चालला होता. आखडला होता तो खांदा. असे का व्हावे?

आधी हृदयाकडे पाहू. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. तो सूक्ष्म विद्युत् स्पंद निर्माण करतो आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला १,०३,६८० होतात. हे स्पंद फार मंदावले किंवा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासे झाले, की चक्कर येते, शुद्धही हरपते. मग स्पंद बाहेरून पुरवावे लागतात. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे सेनिंग या शल्यविशारदांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो बनवला होता एल्मक्विस्ट या अभियंत्याने. ते यंत्र काही तासच चालले! पण लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ सालापर्यंत जगले.

आजचा पेसमेकर म्हणजे साधारण २५-३० ग्रॅम वजनाची चपटी डबी. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत ती ठेवतात. तिच्यातून निघालेली तार शिरेतून हृदयात उतरते. तारेचे टोक बारीक स्क्रूने किंवा आकड्यांनी आतल्या भिंतीत अडकवलेले असते. त्याभोवती नवी ऊती वाढून पकड पक्की व्हायला काही आठवडे लागतात.

आता एक प्रयोग करा. उजव्या हाताची बोटे डाव्या बाजूच्या त्या आडव्या हाडावर ठेवा आणि डावा हात सावकाश डोक्यावर न्या. हाडाचे बाहेरचे टोक वर उचलले जाते ना? पेसमेकरची तार याच हाडाखालून जाते. गाईच्या दाव्याला ठेवतात तशी डॉक्टर तारेला थोडी ढील ठेवतात. पण अचानक हिसका बसला, तर नवी पकड सुटू शकते. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर न्यायचे नाही आणि जड वस्तू उचलायची नाही. दहा लिटर पाण्याचा हंडा म्हणजे दहा किलो. त्याचा ताण थेट खांद्यावर येतो! सदरा पुढून पूर्ण उघडणारा असावा व आधी त्याच हाताची बाही चढवावी.

पण 'वर नेऊ नका' म्हणजे 'हलवूच नका' नव्हे. नेमकी इथेच आमची चूक झाली. 'तार निसटेल हो!' असे शेजारीपाजारी म्हणाले आणि भीतीपोटी वडिलांनी हात महिनाभर उपरण्याच्या झोळीत ठेवला. सांधा हलला नाही, की त्याभोवतीचे आवरण आखडते. पावसाळाभर न उघडलेल्या खिडकीच्या बिजागरीसारखेच. खरे तर बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवायची असते आणि खांदाही मर्यादेत हलता ठेवायचा असतो.

वडिलांना मग डॉक्टरांनी एक व्यायाम दिला. उजवा हात टेबलावर टेकायचा, पुढे वाकायचे, डावा हात सैल सोडायचा आणि अंग हलकेच झुलवायचे. हात लंबकासारखा हलतो! तो स्नायूंनी उचलावा लागत नाही. काम गुरुत्वाकर्षण करते आणि दुखते कमी. मी घड्याळ लावून २० आंदोलने मोजली: २७ सेकंद. म्हणजे एका आंदोलनाला १.३५ सेकंद.

अर्थात, असा व्यायाम रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच करावा. जखम लाल झाली, सुजली, त्यातून पू आला, ताप आला, पुन्हा चक्कर आली किंवा उचकी थांबेना, तर घरी वाट पाहू नये. लगेच रुग्णालयात जावे.

तीन महिन्यांनी पुन्हा महाडला त्याच गाडीत चढलो. या वेळी वडिलांचा डावा हात दांड्यापर्यंत पोचला.

जाता जाता एक कोडे. वडिलांचा हात ६५ सेंटिमीटर लांब आहे. दोऱ्याला खडा बांधून तेवढ्याच लांबीचा लंबक केला, तर त्याचे एक आंदोलन सुमारे १.६ सेकंदांत होते. मग हाताला कमी वेळ का लागला? खड्याचे सारे वस्तुमान टोकाला असते. हाताचे कुठे कुठे असते, याचा विचार करा!